सायकलमार्गांची साखळी : तुटक पट्ट्यांपासून शहरव्यापी जाळ्यापर्यंत



सायकलच्या साखळीत शंभराहून अधिक कड्या असतात. त्यांपैकी एक जरी निखळली, तरी बाकीच्या सर्व कड्या शाबूत असूनही सायकल जागची हलत नाही. सायकलस्वारांसाठी शहरांतून जे स्वतंत्र मार्ग बांधले जातात, त्यांनाही हाच न्याय लागू पडतो. चार किलोमीटरचा एक उत्तम मार्ग आणि पलीकडे तितकाच उत्तम दुसरा मार्ग, परंतु मध्ये तीनशे मीटरचा वर्दळीचा चौक, अशी स्थिती असेल तर कागदावर आठ किलोमीटरची नोंद होते. प्रत्यक्षात मात्र त्या वाटेने आपल्या मुलीला सायकलवरून शाळेत पाठविण्यास कोणतीही आई धजत नाही. मार्गाची योग्यता त्याच्या चांगल्या भागावरून नव्हे, तर त्यातील सर्वांत धोक्याच्या जागेवरून ठरते. आजच्या विषयाचे सार एवढेच आहे.

हे असे का घडते, याचे कारण उघड आहे. जेथे रस्ता मुळातच रुंद आहे आणि जागा सहज उपलब्ध आहे, तेथे सायकलमार्ग प्रथम बांधला जातो. जेथे पूल अरुंद आहे, रेल्वेचे फाटक आहे, दुकानांसमोर वाहने उभी राहतात किंवा एका खात्याची हद्द संपून दुसऱ्या खात्याची सुरू होते, तेथे काम थांबते. म्हणजे ज्या ठिकाणी संरक्षणाची खरी निकड, नेमक्या त्याच ठिकाणी सायकलस्वाराला मालमोटारी आणि बसगाड्यांच्या गर्दीत सोडून दिले जाते.

हॉलंडचा धडा

आज नेदरलँड्स, म्हणजे आपल्याकडे हॉलंड या नावाने परिचित असलेला देश, सायकलींचा देश म्हणून ओळखला जातो. परंतु दुसऱ्या महायुद्धानंतर तेथेही मोटारी वाढल्या, रस्ते मोटारींसाठी रुंद झाले आणि सायकल मागे पडू लागली. १९७२ साली त्या लहानशा देशात रस्त्यांवरील अपघातांत तीन हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्या काळातील बळींमध्ये लहान मुलांची संख्या मोठी होती. ‘मुलांची हत्या थांबवा’ अशी घोषणा देत पालक रस्त्यावर उतरले. १९७३ च्या अखेरीस तेलटंचाई आली आणि काही रविवारी मोटारी चालविण्यास बंदी घालण्यात आली. या दोन्ही गोष्टींमुळे सायकलचा विचार पुन्हा गांभीर्याने सुरू झाला.

प्रारंभी, १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात, हेग आणि टिलबर्ग या दोन शहरांत सरकारी साहाय्याने प्रत्येकी एक नमुनेदार सायकलमार्ग बांधण्यात आला. मार्ग सुरेख होते आणि लोकांना ते आवडलेही. परंतु त्यांवरून जाणाऱ्यांत बहुसंख्य लोक असे होते की, जे पूर्वीही सायकलवरूनच पण शेजारच्या रस्त्याने जात असत. सायकल नव्याने हाती घेणाऱ्यांची संख्या अपेक्षेइतकी वाढली नाही. याचे कारण असे की, एकुलता एक मार्ग कितीही चांगला असला, तरी प्रत्येकाचे घर, शाळा, बाजार आणि कामाचे ठिकाण त्याच मार्गावर नसते.

हा धडा घेऊन डेल्फ्ट या शहराने वेगळी वाट धरली. १९७९ साली तेथे संपूर्ण शहराचा सायकल आराखडा तयार झाला व १९८० च्या दशकात तो अमलात आला. शहरात सायकलमार्ग पूर्वीही होते. पण कालवे, लोहमार्ग आणि मोठे रस्ते यांनी ते तोडलेले होते. आराखड्याचा भर नवी लांबी वाढविण्यापेक्षा हे तुटलेले भाग सांधण्यावर होता.

मच्छीमार ज्याला जाळ्याचा आस म्हणतात, त्या उदाहरणाने ही रचना सहज समजेल. डेल्फ्टचे जाळे तीन प्रकारच्या आसांचे होते. पहिले शहराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाणारे. त्याचे मार्ग एकमेकांपासून सुमारे अर्ध्या किलोमीटरवर. दुसरे शाळा व बाजार यांना जोडणारे; त्यातील अंतर दोनशे ते तीनशे मीटर. तिसरे गल्लीबोळांतील, मुलांना आणि वृद्धांना उपयोगी पडणारे. त्यातील अंतर सुमारे शंभर मीटर. मोठ्या आसाच्या मार्गांना पूल आणि भुयारी मार्ग लागले. लहान आसाच्या मार्गांना बहुधा वाहनांची गती कमी करणे पुरेसे ठरले. डेल्फ्टमध्ये सायकलचा वापर आधीच मोठा होता. एकंदर फेऱ्यांपैकी सुमारे ४० टक्के फेऱ्या सायकलवरून होत. त्या ४३ टक्क्यांच्या आसपास गेल्या. वाढ लहान दिसते. परंतु ज्या काळात मोटारी सर्वत्र वाढत होत्या, त्या काळात ती साधली, हे ध्यानात घेतले पाहिजे.

सेव्हिल : शून्यातून जाळे

‘हॉलंडमध्ये सायकलची परंपराच आहे, इतरत्र हे कसे साधावे?’ अशी शंका येणे स्वाभाविक आहे. तिचे उत्तर स्पेनमधील सेव्हिल या शहराने दिले. सुमारे सात लाख लोकवस्तीच्या या शहरात उन्हाळा कडक असतो आणि तेथे सायकलची परंपरा जवळजवळ उरलेली नव्हती. २००६ पूर्वी तेथे जेमतेम बारा किलोमीटरचे सायकलमार्ग होते आणि तेही एकमेकांशी न जुळणारे. २००६ व २००७ या अल्पकाळात तेथील नगरशासनाने सुमारे ७७ किलोमीटरचे सलग मूळ जाळे एकदम उभारले. २०१० पर्यंत ते सुमारे १२० किलोमीटर झाले. मार्ग मोटारींच्या रस्त्यापासून कठड्याने अलग केलेले, दुतर्फा वाहतुकीचे आणि सर्वत्र एकाच हिरव्या रंगाचे ठेवण्यात आले. त्यासाठी मोटारी उभ्या करण्याच्या सुमारे पाच हजार जागा कमी कराव्या लागल्या. हा निर्णय सोपा नव्हता.

अवघ्या पाच वर्षांत तेथील दैनंदिन सायकल फेऱ्या कित्येक पटींनी वाढून सत्तर हजारांच्या आसपास गेल्या, आणि दर फेरीमागील अपघाताचा धोका घटला. एकेक पट्टा सवडीने बांधला असता, तर पहिल्या पट्ट्यावर कोणी दिसले नसते आणि ‘सायकलमार्ग कोणी वापरत नाही’ असे म्हणून दुसरा पट्टा झालाच नसता. पुढे नगरशासनाचे लक्ष कमी होताच वाढही मंदावली, हेही तितकेच खरे आहे. जाळे एकदा विणून भागत नाही. त्याची निगा ठेवावी लागते.

पुण्याचा अनुभव

महाराष्ट्रात पुणे हे एकेकाळी सायकलींचे शहर म्हणून प्रसिद्ध होते. पुढे स्वयंचलित दुचाकींनी ती जागा घेतली. २००६ नंतर जलद बसमार्गांच्या कामाबरोबर सातारा व सोलापूर रस्त्यांवर सायकलमार्गही झाले; परंतु तुटलेपणाचा दोष तेथेही अनुभवास आला. २०१७ साली महापालिकेने मान्य केलेल्या सायकल आराखड्यात सुमारे ८२४ किलोमीटरच्या जाळ्याची कल्पना मांडण्यात आली. सुटे मार्ग पुरेसे नाहीत, ही जाणीव त्यातून स्पष्ट होते. आराखड्यातील रेघ आणि जमिनीवरील वाट यांतील अंतर भरून काढणे हेच खरे कार्य होय.

काय करता येईल?

या कार्याचा आरंभ मोठ्या निधीवाचूनही होऊ शकतो. शिक्षकांनी सायकलवरून येणाऱ्या विद्यार्थ्यांकडून घर ते शाळा असा नकाशा काढून घ्यावा आणि त्यांना भीती वाटते त्या जागेवर खूण करण्यास सांगावे. असे शे-दोनशे नकाशे एकत्र ठेवले, तर तुटलेल्या कड्या कोठे आहेत हे आपोआप दिसेल. ग्रामस्थांनी गाव शहराच्या मार्गाला जेथे मिळते, त्या महामार्गावरील ओलांडणीची मागणी नेमकेपणाने मांडावी. कारण दूध, भाजी आणि मजूर यांची सायकल नगराच्या हद्दीपाशी थांबत नाही. अधिकाऱ्यांनी वार्षिक अहवालात किती किलोमीटर मार्ग बांधला, एवढेच न नोंदविता, किती शाळा व बाजार अखंड वाटेने जोडले गेले, हेही नोंदवावे. बांधकाम, रेल्वे आणि नगरपालिका यांच्या हद्दींवरील जागांसाठी एकत्र पाहणी व्हावी.

ज्याच्यापाशी दुसरे वाहन नाही, त्याला सायकल हीच कामाची आणि शिक्षणाची वाट असते. ती वाट मध्येच तोडणे म्हणजे त्याला रोज जीव मुठीत धरून घराबाहेर पडावयास लावणे होय. निखळलेली एकेक कडी बसविली, तर आज निरुपयोगी वाटणारे कित्येक मार्ग उद्या उपयोगी ठरतील, आणि त्यांवर झालेला खर्चही सार्थकी लागेल.