ब्राउझर सारखा भलत्याच साइटवर का जातो?

सर्च करायला जावं आणि भलतंच पान उघडावं, हा त्रास अनेकांना होतो. एक्स्टेन्शन काढलं, क्रोम पुन्हा टाकलं, तरी दोन दिवसांनी तेच! कारण मूळ बहुतेकदा ब्राउझरच्या बाहेर असतं.

आधी सिंक बंद करा, नाहीतर काढलेलं एक्स्टेन्शन खात्यातून परत येतं. मग अनोळखी प्रोग्राम अनइन्स्टॉल करा. क्रोमच्या शॉर्टकटची प्रॉपर्टीज उघडा; टार्गेटच्या शेवटी वेबपत्ता चिकटवलेला असेल तर पुसा. टास्क शेड्युलरमध्येही डोकावा. ठरावीक वेळाने हे पुन्हा बसवणारं काम तिथे लपलेलं असू शकतं. मग अ‍ॅडक्लीनर चालवा, शेवटी ब्राउझर रीसेट.

आणि हो, तोवर त्या मशीनवर नेटबँकिंग अजिबात नको. पासवर्ड बदलायचे ते दुसऱ्या, स्वच्छ मशीनवरून. भेटू पुढच्या भागात!