मलिकंबरी

पत्रिकेवर आजचा विषय ‘आफ्रिकी वारसा आणि आपण’ असा छापला आहे. मी तो एका शब्दावर आणून ठेवणार आहे : मलिकंबरी. जुन्या मराठी दफ्तरांत ‘मलिकंबरी धारा’ येतो. शेतसाऱ्याच्या पद्धतीलाच एका हबशी माणसाचं नाव पडलं. अहमदनगर १६०० साली मोगलांनी घेतलं, निजामशाही मोडकळीला आली, हे तुम्ही शाळेपासून ऐकत आलात. त्यात मी शिरत नाही. माझं म्हणणं एवढंच, की मलिक अंबर हा आपल्याकडे येऊन गेलेला पाहुणा नव्हे, तो आपल्या घरचा पूर्वज आहे. त्याचा वारसा जपायचा तर सुरुवात सारा आणि पाणी यांच्यापासून करावी लागेल.

१५४८च्या सुमारास इथिओपियात जन्मलेलं चापू नावाचं पोर बाजारात विकलं गेलं, हातोहात विकलं जात बगदादमार्गे दख्खनेत पोचलं. इथं त्याला विकत घेणारा चंगीजखान निजामशाहीचा पेशवा होता आणि स्वतःही हबशीच होता. हाच विकलेला मुलगा पुढे मलिक अंबर म्हणून निजामशाहीचं राज्य चालवू लागला, तेव्हा त्यानं साऱ्याचे मक्ते बंद केले. मक्तेदार बोली लावून गाव घेई आणि दरबारात भरलेला पैसा नफ्यासकट रयतेकडून काढी. अंबरनं जमिनीचा कस पाहिला, पीक पाहिलं, त्यावरून सरकारचा वाटा ठरवला आणि गावचा जुना कारभार पुन्हा उभा केला. मोडलेले मुलूख वसवताना मराठ्यांच्या कारभाऱ्यांनाही हीच पद्धत हाताशी आली. ज्वारी, हळद, सोयाबीन पिकवणाऱ्यांना या गोष्टीचं मोल मी वेगळं सांगायला नको.

आता पाणी. खडकी या गावाचं त्यानं १६१० साली शहर केलं. तेच आजचं छत्रपती संभाजीनगर. तिथला नहर-ए-अंबरी नीट समजून घ्या. शहराच्या उत्तरेकडच्या डोंगराच्या बाजूनं जमिनीखालून बोगदा आणला आहे. त्याला मधूनमधून विहिरीसारखी उभी तोंडं ठेवली आहेत, म्हणजे माणूस उतरून गाळ काढू शकतो. भोवतालच्या जमिनीतला पाझर बोगद्यात गोळा होतो, नुसत्या उतारानं शहराकडे वाहतो आणि खापरी नळांतून हौदात पडतो. ना मोट, ना रहाट, ना बैल. नाल्यावर बांध घातला की खालच्या विहिरीचा पाझर वाढतो हे तुम्ही जाणता. तोच पाझर इथं बोगद्यानं धरून आणला आहे. पुष्कळजण पाणचक्कीलाच अंबरचं काम समजतात, पण ती अठराव्या शतकातली. कुणी म्हणेल, जमिनीखालचा पाट ही इराणकडची विद्या, मग वारसा आफ्रिकी कसा? विद्या कुठलीही असो, दुष्काळी पठारावर शहर वसवताना आधी पाण्याचा विचार कुणी केला, हे पाहावं. अशा नहराच्या तोंडावर घर बांधलं, गटार सोडलं, की अंबरच्या कबरीला कितीही रंग द्या, वारसा गेलाच.

मागच्या रांगेतून ‘परका’ हा शब्द आला, तो मी ऐकला. नामदेव महाराजांची नरसी आपल्याच हिंगोली जिल्ह्यात आहे. ते पंजाबात घुमानला राहिले, त्यांची ६१ पदं गुरु ग्रंथ साहिबात आली. तिथल्या कुणी त्यांना परकं म्हटलं नाही. जे आपण अभिमानानं सांगतो, ते अंबरच्या बाबतीत नाकारायचं कशाला? दुसरा आक्षेप जंजिऱ्याचा. जंजिऱ्याच्या सिद्द्यांशी, म्हणजे तिथल्या हबशांशी, शिवाजी महाराजांचं वैर होतं हे खरंच. पण एका वंशाचे म्हणून सगळे एका पक्षाचे होत नाहीत. १६२४ साली भातवडीच्या लढाईत शहाजीराजे अंबरच्या बाजूनं लढले, त्यांचे बंधू शरीफजी तिथंच पडले. महाराजांच्याच आज्ञेनं रचलेल्या ‘शिवभारता’त कवींद्र परमानंदांनी अंबरच्या शौर्याचा गौरव केला आहे. ज्यांच्या नावानं आपण अंबरला दूर सारतो, त्यांच्या घरचा ग्रंथ त्याला मान देतो. मात्र अंबरच्याही फौजेत विकत घेतलेले हबशी होते, हे झाकून त्याचा उत्सव करू नये. विकला गेलेला माणूस सत्तेवर आला म्हणून माणसांचा बाजार उठला नाही, हेही मुलांना सांगितलं पाहिजे.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, तेव्हा आवरतं घेतो. कर्नाटकातल्या हल्याळ, यल्लापूरकडच्या जंगलपट्टीत आजही सिद्दी राहतात, मराठीच्या वळणाची कोकणी बोलतात, डमाम हा ढोल वाजवतात. त्यांना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळायला २००३ साल उजाडावं लागलं. कोकणी-मराठीच्या शेजारातली ही माणसं आपल्या पाठ्यपुस्तकात कुठं दिसतात? त्यांच्यावर एक अख्खं व्याख्यान हवं, आज वेळ नाही. इथल्या शिक्षकांना मात्र एक विनंती करतो. मुलांची सहल वेरूळला न्याल, तेव्हा गाडी तिथूनच माघारी वळवू नका. चार किलोमीटरवर खुलताबादला मलिक अंबरची कबर आहे, त्यानं स्वतःच्या हयातीत बांधून घेतलेली. तिथं मुलांना अर्धा तास बसवा, चापूची गोष्ट सांगा आणि परतीच्या वाटेवर शहरात नहराचं एखादं तोंड दाखवा.