न भरणारी जखम आणि बधिर चट्टा
(मेहकर येथील आरोग्य मार्गदर्शन कार्यक्रमात दिलेले भाषण)



आम्हांला त्वचारोगांवर बोलावयास सांगितले आहे. खरूज, नायटा, शिबे यांवर बोलत बसलो तर रात्र पुरणार नाही. आणि हे रोग माणसाला आपणच दवाखान्यात आणतात, कारण खाज झोपू देत नाही. जे अंगावर मुकाट्याने राहते, त्याविषयी आज आम्ही बोलणार आहोत.

आपल्याच जिल्ह्यात २०२४ च्या अखेरीस आणि जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातील काही गावांत लोकांचे केस भराभर गळू लागले. गावे हादरली, वर्तमानपत्रे भरून गेली, तपासणीसाठी दिल्लीपर्यंतची वैद्यकीय पथके आली. टक्कल सर्वांना दिसते. कमरेवरची जखम मात्र लुगड्याखाली झाकली जाते आणि तिच्यासाठी कोणतेही पथक येत नाही.

ही कमरेची जखम म्हणजे काय ते नीट समजून घ्या. लुगड्याची गाठ किंवा परकराची नाडी रोज त्याच जागी आवळून बांधली जाते. तिथली कातडी आधी काळी पडते, कधी रंग जाऊन पांढरट होते. मग कोंडा सुटतो, खाज येते, भेग पडते. आपण हळद किंवा तेल लावतो. दुसऱ्या दिवशी नाडी पुन्हा त्याच भेगेवर बसते. कापूस वेचताना कमरेला ओटी बांधली की तिचे ओझेही तिथेच. जखम भरते, उकलते, पुन्हा भरते. अशी वर्षे गेली की एखाद्या बाईच्या बाबतीत त्या जागी कर्करोग उद्भवतो. हे विरळा घडते, परंतु घडते. मुंबईच्या टाटा रुग्णालयातील डॉ. वसंत रामजी खानोलकर आणि त्यांच्या सहकारी सूर्याबाई यांनी १९४५ सालीच धोतराच्या आवळण्याने कमरेला होणाऱ्या कर्करोगाचे वर्णन केले होते. पुढे पुरुषांचे धोतर सुटले, बायकांची नाडी राहिली. २०२४ च्या नोव्हेंबरात वर्ध्याच्या व बिहारमधील मधुबनीच्या डॉक्टरांनी अशा दोन स्त्रियांची हकिगत इंग्लंडच्या वैद्यकीय नियतकालिकात छापली. एकीची जखम दीड वर्ष, दुसरीची दोन वर्षे भरत नव्हती. दुसरी बाई चाळीस वर्षे लुगडे घट्ट नेसत आली होती, आणि निदान झाले तेव्हा रोग जांघेतल्या गाठीपर्यंत पोचला होता.

दोन वर्षे! त्या दोन वर्षांत ती बाई काय करीत होती, हे आम्ही ओळखू शकतो. कमर दाखवायची कुणाला, मजुरी बुडवायची कशी, आणि सुनेला सांगायचे कोणत्या तोंडाने. म्हणून येथील सुनांना व लेकींना आमची विनंती आहे की, न्हाणीघरात पाठ चोळून देताना सासूच्या, आईच्या कमरेकडे एकदा पाहा. नाडी रुंद पट्टीची घ्या, सैल बांधा, बांधण्याची जागा बदलत राहा. पुरुषांचा करदोडा रुतत असेल तर तोही सैल करा.

हाच धोका भाजल्याच्या जुन्या वणाला असतो. चुलीने, स्टोव्हने लहानपणी भाजलेली जागा वीस-तीस वर्षांनी पुन्हा उकलली आणि महिना-दीड महिन्यात भरली नाही, तर तिचा तुकडा तपासून घ्या. ‘सुरी लागली की कॅन्सर पसरतो’ असे लोक सांगतात. ते खोटे आहे. तुकडा तपासल्याने रोग पसरत नाही. पसरतो तो वाट पाहण्याने.

तळपाय, तळहात आणि नखाखालचे अंग सावळ्या माणसानेही पाहावे. विद्यार्थ्यांना बॉब मार्ले हा जमैकाचा गायक ठाऊक असेल. पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली झालेल्या काळ्या डागाच्या कर्करोगाने तो १९८१ साली, अवघ्या ३६ व्या वर्षी गेला. वाढणारा, रंग व आकार बदलणारा, रक्त येणारा डाग कुरूप समजून ब्लेडने तासू नका.

आता चट्टा. पोरांच्या गालावरील फिकट डाग पाहून ‘जंत झाले’ म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. त्याचा जंतांशी संबंध नाही आणि बहुधा तो निरुपद्रवी असतो. परंतु अंगावरचा फिकट किंवा लालसर चट्टा बधिर असेल तर तो कुष्ठरोगाचा असू शकतो. परीक्षा सोपी आहे. माणसाला डोळे मिटावयास सांगा, बॉलपेनचे टोक हलकेच टेकवा आणि कुठे टेकले ते बोटाने दाखवू द्या. चट्ट्यावरचा स्पर्श त्याला कळला नाही, तर त्याच आठवड्यात सरकारी दवाखाना गाठा. औषध मोफत आहे. सहा महिने किंवा एक वर्ष घ्यावे लागते आणि रोग पुरता बरा होतो. लपवला तर मज्जातंतू जातात आणि बोटे वाकतात. ज्या वर्धा जिल्ह्यात १९३६ साली मनोहरजी दिवाणांनी दत्तपूरला कुष्ठधाम काढले, त्याच जिल्ह्यात १९८० नंतरच्या दशकाच्या आरंभी बहुविध औषधोपचार देशात सर्वप्रथम सुरू झालेल्या जिल्ह्यांपैकी एक म्हणून मान मिळाला. देशातील प्रमाण २००५ अखेर दहा हजारांत एकाच्या खाली आले, पण रोग संपलेला नाही. लाज मात्र अजून जुन्याच मापाची आहे. या रोगावरून घटस्फोट मागता येण्याची तरतूदसुद्धा कायद्यातून २०१९ साली गेली.

मेडिकलमधून विचारून आणलेल्या मलमांविषयी आमचा राग आहे, तो लपवत नाही. त्यांतील अनेकांत स्टेरॉईड असते. खाज दोन दिवसांत थांबते, नायटा आतून पसरतो आणि त्याचे रूप इतके बदलते की डॉक्टरही फसतो. चिठ्ठीशिवाय अशी मलमे देऊ नयेत असा नियम आहे. पाळतो कोण, हे तुम्हीच जाणता.

प्रथम मेहकरच्या सरकारी दवाखान्यात दाखवा. पुढे बुलढाण्याचे जिल्हा रुग्णालय आणि अकोल्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. कर्करोग ठरल्यास छत्रपती संभाजीनगरचे शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. कर्करोगाच्या शस्त्रक्रिया महात्मा फुले जन आरोग्य योजनेत येतात. रेशनकार्ड व आधारकार्ड सोबत ठेवा. जाताना जखमेवर हळद, राख काही लावू नका. वापरलेल्या मलमाची ट्यूब, रिकामी असली तरी, बरोबर न्या. आणि जखम पहिल्यांदा दिसली ती तारीख घरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतील.