शिक्षकाची दुसरी विद्यार्थिदशा

(आपल्या ज्ञातिसंस्थेच्या जुईनगर येथील वार्षिक संमेलनात झालेले भाषण)



आजच्या गुणगौरवाच्या प्रसंगी चार शब्द बोलण्याची आज्ञा कार्यकारी मंडळाने आम्हांस केली, त्याबद्दल आम्ही मंडळाचे ऋणी आहोत. ज्या मुलामुलींचा सत्कार आताच या व्यासपीठावर झाला, त्यांत कोणी अभियंता आहे, कोणी डॉक्टर, कोणी सनदी लेखापाल. त्यांच्यापुढे केवळ मॅट्रिक झालेल्या एका निवृत्त शिक्षकाने विद्येविषयी बोलावे, हे थोडे धाडसाचेच होय. परंतु आमच्यापाशी सांगण्यासारखी एक हकीकत आहे आणि ती यशाची नसून चुकीची आहे. यशाच्या हकीकती अशा प्रसंगी पुष्कळ ऐकावयास मिळतात. चुकीची एखादी ऐकली तर तिचाही कोणास उपयोग व्हावा, या हेतूने ती सांगत आहोत.

आम्ही १९७६ साली मॅट्रिक झालो, शिक्षकाची पदविका घेतली आणि चाळीस वर्षे प्राथमिक शाळेत नोकरी करून २०१८ साली निवृत्त झालो. वडिलांच्या भजनी मंडळात लहानपणीच पेटी हाताशी आली होती. पुढे गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांपैकी प्रवेशिका पूर्णपर्यंत आम्ही मजल मारली आणि तेथेच थांबलो. शाळेत गायनाचे तास कोणी घ्यावयाचे असा प्रश्न निघाला, तेव्हा पेटी वाजविता येते एवढ्याच भांडवलावर ते आमच्याकडे आले. जुईनगरास सिडकोच्या घरात राहावयास आल्यावर सायंकाळची शिकवणीही सुरू केली. मुले येत, परीक्षांना बसत, उत्तीर्ण होत. पालक संतुष्ट असत. आम्हांसही वाटू लागले की, आपल्याला संगीत येते.

सुमारे वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. आमची एक फार गुणी विद्यार्थिनी परीक्षेस बसली. तिने भूप राग गावयास घेतला. परीक्षकांनी थोडा वेळ ऐकून घेतले आणि शांतपणे विचारले, “बाळ, तू भूप गातेस की देशकार?” त्या मुलीने देशकाराचे नावही ऐकलेले नव्हते. ती गोंधळली, पुढचे सारे विसरली आणि घरी येऊन रडली. आम्ही तिची समजूत घातली ती अशी की, परीक्षकांचे लक्ष नसेल, त्यांच्या ऐकण्यात चूक झाली असेल. आमच्या शिकविण्यात चूक असेल, ही शंकाही आमच्या मनास शिवली नाही. त्या मुलीने पुढील वर्षी गाणे सोडले. आम्ही मात्र तोच भूप त्याच रीतीने शिकवीत राहिलो.

ज्यांस संगीताचा परिचय नाही त्यांच्यासाठी थोडा खुलासा केला पाहिजे. भूप आणि देशकार या दोन्ही रागांचे स्वर तेच पाच आहेत: सा, रे, ग, प, ध. मध्यम व निषाद दोहोंतही वर्ज्य. पण भूपाचा वादी स्वर गंधार, तर देशकाराचा धैवत. भूपाचा विस्तार मुख्यतः सप्तकाच्या खालच्या अंगात होतो व तो रात्रीच्या पहिल्या प्रहरी गातात. देशकार वरच्या अंगात खेळतो व तो सकाळचा राग आहे. स्वर तेच असले तरी कोठे थांबावयाचे, कोणत्या स्वरावर भार द्यावयाचा, यावर रागाचे रूप ठरते. आम्ही मुलांना पेटीवर सरळ आरोह-अवरोह शिकवीत होतो आणि वर चढून धैवतावर ऐटीत थांबावयास सांगत होतो, कारण ते कानास गोड लागे. एकही स्वर चुकत नव्हता आणि राग मात्र चुकत होता. शिक्षकाच्या हातून होणाऱ्या चुकांत ही फार घातक, कारण ती पाटीवर दिसत नाही.

२०२० सालच्या मार्चमध्ये टाळेबंदी आली आणि शिकवणी बंद पडली. मुलांच्या आग्रहावरून आम्ही भ्रमणध्वनीवरून शिकवू लागलो. या साधनाचा एक दोष तेव्हा कळला. आपला आवाज पलीकडे पोहोचावयास क्षणभर विलंब लागतो, त्यामुळे दोघांनी बरोबर गावयाचे म्हटले तर मात्रा जुळत नाहीत व सम हुकते. तेव्हा शिक्षकाने आधी एकट्याने गावे, मग विद्यार्थ्याने एकट्याने गावे, असा क्रम ठेवणे भाग पडले. आम्ही पाठ ध्वनिमुद्रित करून पाठवू लागलो. आणि चाळीस वर्षांत जे कधी घडले नव्हते ते घडले: आम्ही स्वतःचे गाणे, पेटी बाजूस ठेवून, स्वतःच्या कानांनी ऐकले.

याच सुमारास संगीतशिक्षकांच्या एका समूहात एका स्नेह्याने आमचे नाव घातले. कोकणापासून विदर्भापर्यंतचे शिक्षक त्यात होते. बहुतेक आमच्यासारखेच, कोणी शाळेतले, कोणी घरी शिकविणारे. एकमेकांनी आपापला पाठ पाठवावा व इतरांनी मोकळेपणाने मत द्यावे, असा तेथील प्रघात होता. आम्ही मोठ्या अभिमानाने आमचा भूप पाठविला. सातारा जिल्ह्यातील एका शिक्षिकेचे उत्तर आले, “गुरुजी, राग मानू नका, पण आपण धैवतावर फार थांबता; ऐकताना देशकाराचा भास होतो.”

बंधुभगिनींनो, वीस वर्षांपूर्वीचे परीक्षकांचे शब्द आणि हे शब्द एकच होते. त्या रात्री आम्हांस झोप आली नाही. ती मुलगी का रडली होती, हे आम्हांस त्या रात्री कळले.

त्या शिक्षिका आमच्या कन्येपेक्षाही वयाने लहान. आपल्या ज्ञातीतील नव्हेत. आमच्या मनात दोन दिवस झगडा चालला होता, तो येथे लपवीत नाही. साठ वर्षांच्या माणसाने, ज्यास सारी वस्ती गुरुजी म्हणते, त्याने कोणापुढे शिष्य म्हणून बसावे काय? शेवटी आम्हीच त्यांस विनंती केली. त्या आम्हांस गुरुजी म्हणत आणि आम्ही त्यांस बाई म्हणत असू. त्यामुळे गुरू कोण व शिष्य कोण, याचा उलगडा ऐकणाऱ्यास होत नसे. बाईंनी पहिली आज्ञा केली ती पेटी बंद ठेवण्याची. पेटीचे स्वर सर्व पट्ट्यांत चालावेत म्हणून सारख्या अंतराने बांधलेले असतात. त्यामुळे तिचा गंधार तंबोऱ्याच्या खर्जातून उमटणाऱ्या गंधारापेक्षा किंचित चढा लागतो. तंबोऱ्याशी तो स्वयंभू गंधार मिळविण्यास आम्हांस तीन महिने लागले. तो जेव्हा प्रथम मिळाला, तेव्हा भूप म्हणजे काय हे साठाव्या वर्षी आम्हांस उमगले.

पुढे आम्ही पूर्वसूरींची चरित्रे वाचावयास घेतली. तेव्हा ध्यानात आले की, आम्हांस जी लाज वाटली ती आमच्याहून कितीतरी थोर पुरुषांनी कधीच बाजूस सारली होती. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांचा जन्म १८६० सालचा, वाळकेश्वरचा. व्यवसायाने वकील. मुंबईच्या गायन उत्तेजक मंडळीत त्यांनी अभ्यास केला. पुढे १९०४ साली दक्षिणेचा प्रवास केला, नंतर उत्तरेचा. ज्याच्यापाशी जी चीज असेल त्याच्या दाराशी जाऊन ती लिहून घेतली. त्या काळी घराण्याची चीज म्हणजे तिजोरीतला दागिना. तो परक्यास दाखविणे नाही, बऱ्याच वेळा आपल्या शिष्यासही नाही. या गृहस्थांनी शेकडो चिजा स्वरलिपीत बांधून क्रमिक पुस्तकांच्या ६ भागांत सर्वांसाठी खुल्या केल्या. १९१६ साली बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने त्यांनी संगीत परिषद भरविली, तीत कलावंत व शास्त्रज्ञ एका छताखाली बसले व रागांच्या रूपांविषयी चर्चा केली. आज दूरदूरचे शिक्षक यंत्राच्या साहाय्याने जे करतात तेच हे कार्य, फक्त त्यास आगगाडी व टपाल एवढीच साधने होती. आणि १९२६ साली लखनौचे संगीत महाविद्यालय निघाले, तेव्हा पंडितजींचे वय ६६ होते. आज आमचे वय त्याच्या जवळपास आहे, म्हणून हा आकडा आमच्या विशेष लक्षात राहिला.

दुसरे उदाहरण पंडित विष्णु दिगंबर पलुसकर यांचे. कुरुंदवाडास १८७२ साली जन्मलेल्या या पुरुषाने मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांपाशी विद्या घेतली आणि ५ मे १९०१ रोजी लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढले. कोणीही यावे, शुल्क भरून अथवा सेवा करून शिकावे, असा तो नवा प्रकार होता. १९३१ साली ते निवर्तले, तेव्हा त्यांचे शिष्य देशभर विखुरलेले होते. या शिष्यांनी त्याच वर्षी अहमदाबादेस एकत्र येऊन मंडळ स्थापिले आणि सर्वांचा अभ्यासक्रम व परीक्षा एक केल्या. त्या मंडळाची वास्तू आज वाशीस उभी आहे, आपल्या जुईनगराहून आगगाडीने दुसऱ्याच स्थानकावर. पंचवीस वर्षे आम्ही तिच्यावरून ये-जा केली आणि मुलांचे अर्ज भरण्यापलीकडे आत पाऊल टाकले नाही!

तिसरे नाव प्राध्यापक बा. र. देवधरांचे. हे पलुसकरांचे शिष्य, १९०१ साली मिरजेस जन्मलेले. १९२५ साली त्यांनी मुंबईत ऑपेरा हाऊसनजीक संगीताची शाळा काढली. स्वतः शिक्षक असूनही ते पाश्चात्य संगीत शिकले, आवाजाच्या जोपासनेचा त्यांनी वेगळा अभ्यास केला. कोणत्याही घराण्याचा गवई असो, त्यास आपल्या शाळेचे दार त्यांनी मोकळे ठेविले, आणि ज्याच्यापाशी जे दिसले ते त्याच्यापुढे बसून घेतले. अशा शाळेत कुमार गंधर्वांसारखा शिष्य वाढला, यात नवल नाही. १९४७ साली निघालेल्या ‘संगीत कला विहार’ या मासिकाचे संपादन करून त्यांनी गावोगावच्या एकाकी संगीतशिक्षकास इतरांशी जोडले. शिक्षकाने शाळा काढल्यावरही शिकत राहावे, याचा याहून चांगला धडा कोणता?

असो. आमच्याकडे वळू. आम्ही पुन्हा परीक्षांस बसलो. मध्यमेच्या परीक्षेस बारा-तेरा वर्षांच्या मुलांच्या रांगेत बसलो, तेव्हा एका पालकाने आम्हांसच परीक्षक समजून नमस्कार केला. मध्यमा पूर्ण झाली. विशारदचा अभ्यास चालू आहे. ती पदवी पदरी पडेल की नाही, हे ईश्वर जाणे. तिने आता पगार वाढावयाचा नाही व बढतीही मिळावयाची नाही. परंतु आज आमच्याकडे जी मुले येतात, ती भूप म्हणतात तेव्हा गंधारावर येऊन विसावतात. आमच्या लेखी ती मोठी कमाई आहे.

एक काम उरले होते, तेही केले. त्या जुन्या विद्यार्थिनीचा पत्ता मिळवून आम्ही तिच्या घरी गेलो. ती आता दोन मुलांची आई आहे. आम्ही तिला सांगितले, “बाळ, त्या दिवशी परीक्षक बरोबर होते, चूक माझी होती, तुझी नव्हे.” ती पुष्कळ वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “गुरुजी, हे तेव्हा सांगितलं असतंत तर मी गाणं सोडलं नसतं.” या वाक्यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते व आजही नाही. तिची धाकटी मुलगी आता आमच्याकडे येते. पण आईची गेलेली वर्षे त्याने भरून येत नाहीत, हे आम्ही जाणतो.

आता संस्थेपुढे दोन विनंत्या ठेवतो. आपला शिष्यवृत्ती निधी शाळा-महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांपुरता आहे. तो आपल्या पूर्वजांनी मोठ्या कष्टाने उभा केला व त्यातून कित्येक घरे वर आली. त्या निधीतील थोडा अंश शिकविणाऱ्यांच्या शिक्षणासाठीही वेगळा काढावा. संगीताचाच शिक्षक असे नाही. गणिताचा, भाषेचा, शिवणकलेचा, कोणत्याही विद्येचा शिक्षक पुन्हा शिकू इच्छीत असेल तर त्याच्या परीक्षेचे शुल्क व प्रवासखर्च संस्थेने द्यावा, आणि त्यास वयाची अट नसावी. एका विद्यार्थ्यास मदत केली तर एक विद्यार्थी शिकतो. एका शिक्षकाची चूक दुरुस्त झाली तर पुढची शेकडो मुले त्या चुकीतून सुटतात.

दुसरी विनंती काहींस रुचणार नाही, तरी सांगतो. महिन्यातून एक दिवस संस्थेच्या या सभागृहात शिक्षकांची बैठक व्हावी. तीत शिक्षकांनी शिक्षकांपुढे आपला पाठ म्हणून दाखवावा आणि दोष ऐकून घ्यावेत. या बैठकीस ज्ञातीची अट असू नये. आमची चूक आपल्या ज्ञातीत, आपल्या आळीत, आपल्या घरात वीस वर्षे कोणी दाखविली नाही, कारण येथे सारे आमचा मान राखीत होते. ती दाखविली परक्या ज्ञातीच्या, परक्या गावच्या एका मुलीने. आपल्या माणसांनी आपल्याला उभे केले हे जितके खरे, तितकेच आपल्या माणसांतच राहिलो तर आपले दोष झाकलेले राहतात हेही खरे. घराण्यांनी चिजा कुलपात ठेविल्या, तेव्हा कित्येक चिजा धन्याबरोबरच गेल्या. आपल्या संस्थेची विद्या तशी होऊ नये.

सत्कार झालेल्या मुलांना शेवटी एवढेच सांगतो की, आज तुमच्या हाती जे प्रशस्तिपत्र आले आहे ते जपून ठेवा. पण तुमचे ज्ञान ज्यास तपासता येईल अशा एका तरी माणसाशी आयुष्यभर संबंध ठेवा. आमच्या वेळी तो माणूस शोधावयास गावोगाव हिंडावे लागे. आता तो हातातल्या यंत्रात सापडतो. हिंडण्याचे कष्ट वाचले, परंतु आपली चूक आहे असे म्हणण्याचे कष्ट पूर्वी होते तेवढेच आजही आहेत.