ट्राम पाहायला जाताना



या व्यासपीठावर मोठमोठे विद्वान बोलून जातात. आम्ही शाळा अर्ध्यावर सोडलेली माणसे. आमचे वाचन झाले ते युनियनच्या कचेरीत, सभा संपल्यावर. म्हणून विषयही आमच्या वकुबाचाच घेतला आहे. गावातली पाच-पंचवीस मंडळी मिळून जुन्या ट्रामगाड्यांचे संग्रहालय पाहायला निघाली, तर त्यांनी तेथे पाहावे काय?

प्रवरेच्या काठी ट्रामचा काय संबंध, असे कोणी विचारील. पण आपले गाव नगर-मनमाड रस्त्यावरचे. एस. टी.ची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी धावली ती पुण्याहून आपल्या नगरलाच. रस्ता आणि गाडी यांच्याशी ज्या गावाचे रोजचे नाते, त्याला मुंबईच्या ट्रामची कथा परकी वाटू नये.

मुंबईत ट्राम सुरू झाली ९ मे १८७४ रोजी, आणि ती ओढीत घोडे. कंपनीच्या पागेत नऊशे घोडे होते. कुलाब्याहून पायधुणीला जायला तीन आणे पडत, आणि तिकीट म्हणून काही मिळत नसे! फुकट बसणारे वाढले, तेव्हा पुढे तिकीट आले. ७ मे १९०७ रोजी विजेची ट्राम धावली, १९२० साली दुमजली आली. ७ ऑगस्ट १९४७ रोजी हा सारा कारभार नगरपालिकेच्या मालकीचा झाला. आणि ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरला शेवटची ट्राम गेली. नव्वद वर्षांचा संसार एका रात्रीत आटोपला.

ही गाडी चाले कशी? खाली रूळ, वर तार, आणि तारेला टेकलेला छपरावरचा दांडा. चालक एका हाताने वीज कमी-जास्त करी, दुसरा हात ब्रेकवर, पाय घंटेवर. रुळावरची गाडी समोर माणूस आला म्हणून बाजूला वळवता येत नाही, थांबवावीच लागते. भर बाजारातून ती नेणाऱ्याची नजर आणि हात किती तयार असतील, याचा विचार करा.

बेस्टने आपल्या संग्रहालयात ट्रामच्या प्रतिकृती आणि जुनी तिकीटयंत्रे जपली. १९९३ पासून ते आणिक आगारात मांडले. हे काम चांगलेच झाले. परंतु प्रतिकृती चालत नाही, आणि गाडी चालल्यावाचून ती चालवण्याची विद्या दिसत नाही.

विलायतेत हे ओळखणारी काही माणसे निघाली. १९४८ साली साउदॅम्प्टन शहरातल्या ट्रामचा निरोप घ्यायला शौकीन मंडळींची एक सहल गेली होती. मोडीत निघणारी एक गाडी त्यांनी दहा पौंडांना विकत घेतली. पुढे १९५५ साली संस्था झाली, आणि १९५९ साली डर्बीशायरमधल्या क्रिच गावी दगडाच्या जुन्या खाणीत जागा मिळाली. स्वयंसेवकांनी तेथे रूळ टाकले, तारा ओढल्या. १९६४ साली तेथे विजेची ट्राम धावली. म्हणजे ज्या वर्षी मुंबईने ट्राम मोडली, त्याच वर्षी! पाहुण्याला तेथे जुने नाणे देतात. ते कंडक्टरला द्यायचे, तिकीट घ्यायचे आणि दिवसभर फिरायचे. एका सहलीतून संग्रहालय उभे राहिले, ही गोष्ट आम्हांला फार मोलाची वाटते.

आपल्या देशात कलकत्त्याची ट्राम १८७३ ची. १९५३ साली तिचे भाडे एका पैशाने वाढले, तेव्हा सारे शहर रस्त्यावर उतरले. एक पैसा म्हणजे गरिबाच्या दृष्टीने काय, हे त्या आंदोलनाने शिकवले. सप्टेंबर २०२४ मध्ये तेथल्या सरकारने जाहीर केले की, मैदान ते एस्प्लनेड एवढी एक वारसा-फेरी ठेवून बाकीची ट्राम बंद करायची. शहराची रोजची गाडी शोभेची वस्तू व्हायला अशी एक घोषणा पुरते.

आता आमचे सांगणे. कामगारांची एक तुकडी घेऊन आम्ही एक यंत्र-संग्रहालय पाहायला गेलो होतो. माहिती सांगणाऱ्याने यंत्र कोणत्या देशात बनले ते सांगितले, किंमतही सांगितली. ते कोणी चालवले, किती तास चालवले, कोणाचे बोट त्यात गेले, याविषयी अवाक्षर नाही. आमच्यातल्या एका म्हाताऱ्या फिटरने न राहवून मूठ कशी धरायची ते दाखवले, तेव्हा सारी मंडळी त्याच्याभोवती गोळा झाली. फलकापेक्षा त्या हाताने अधिक शिकवले.

म्हणून गट घेऊन जाल तेव्हा आधी पत्र टाकून वेळ ठरवा. बरोबर एक तरी निवृत्त चालक, वाहक वा फिटर न्या; त्याला मागे नव्हे, पुढे चालू द्या. मुलांनी विचारावे : पगार किती होता? सुट्टी कधी मिळे? ट्राम बंद झाल्यावर या माणसांचे काय झाले? जे उत्तर मिळेल ते वहीत उतरवा.

आणि त्यासाठी मुंबईलाच जायला हवे असे नाही. एस. टी.च्या वाहकाची तिकिटांची पेटी आणि चिमट्याची टिकटिक तुमच्यापैकी अनेकांच्या कानात असेल. यंत्र आले, चिमटा गेला. तो चालवलेले हात आज या पंचक्रोशीत असतील. उद्या असतीलच असे नाही. लोखंड गंजले तर घासून काढता येते, माणसाबरोबर गेलेले कसब परत येत नाही. तेव्हा पहिली सहल आपल्याच गावातल्या अशा एखाद्या म्हाताऱ्याच्या ओसरीवर न्या, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.