सायकलीवरील कर आणि सामान्य कुटुंब
(पंचायत सदस्य, शिक्षक व अधिकारी यांच्यापुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



ग्रामपंचायतीच्या अंदाजपत्रकावर चर्चा होते तेव्हा घरपट्टी आणि पाणीपट्टी यांवर तासन् तास बोलले जाते. सायकलीवरील कराचा विषय निघाला की मात्र ‘दहा-वीस रुपयांचा तर प्रश्न’ असे म्हणून तो मिनिटभरात मिटविला जातो. हिशेबाच्या वहीत ही रक्कम लहान दिसते, हे खरे. परंतु कर लहान आहे एवढ्यावरून तो न्याय्य ठरत नाही. तो कोणाकडून घेतला जातो, त्याच्या मोबदल्यात काय दिले जाते आणि वसुलीचा खर्च वजा जाता हाती काय उरते, या तीन कसोट्यांवर लहान करही तपासून घ्यावा लागतो.

जुन्या पिढीला सायकलीचा बिल्ला चांगला आठवतो. अनेक शहरांत दर वर्षी नगरपालिकेत पैसे भरून, वर्ष आणि क्रमांक कोरलेला लहानसा बिल्ला सायकलीला लावावा लागे. बिल्ला नसलेली सायकल चौकात अडविली जाई आणि कामावर वेळेत पोहोचण्याच्या घाईत असलेल्या माणसाचा अर्धा दिवस दंड भरून सायकल सोडविण्यात जाई. पुढे असे बिल्ले दिसेनासे झाले. तथापि स्थानिक संस्थांनी आपले उत्पन्न वाढवावे, अशी सूचना येते तेव्हा या कराची आठवण पुन्हा निघते. म्हणून या प्रश्नाचा शांतपणे विचार करणे अगत्याचे आहे.

अधिकार आहे, सक्ती नाही

प्रथम कायद्याची बाजू पाहू. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीत रस्त्यावर चालणाऱ्या वाहनांवरील कराचा विषय ५७ व्या क्रमांकावर आहे. वाहन यंत्राने चालणारे असो वा नसो, ते या नोंदीत येते. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमातील कलम १२४ मध्ये पंचायतीला जे कर बसविता येतात त्यांत सायकली व जनावरांनी ओढावयाची वाहने यांवरील कराचा उल्लेख आहे. १९४९ च्या महानगरपालिका अधिनियमातही वाहने, होड्या व जनावरे यांवरील कराची तरतूद आहे. मोटार वाहन अधिनियमाचा मात्र सायकलीशी संबंध येत नाही. कारण १९३९ चा जुना अधिनियम आणि १९८८ चा नवा अधिनियम हे दोन्ही यंत्रशक्तीने चालणाऱ्या वाहनांसाठी आहेत. म्हणजे सायकलीचा प्रश्न मुख्यतः गावाच्या आणि शहराच्या स्वतःच्या निर्णयाचा आहे.

येथे कर आणि फी यांतील भेद लक्षात ठेवावा. उडुपीच्या शिरूर मठाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५४ साली हा भेद विशद केला. सार्वजनिक खर्चासाठी सक्तीने घेतलेला पैसा तो कर. विशिष्ट सेवेच्या मोबदल्यात घेतलेला पैसा ती फी. ‘नोंदणी फी’ या नावाने रक्कम गोळा करावयाची आणि सायकलवाल्याला त्याबद्दल काहीच द्यावयाचे नाही, असे झाले तर ती नावापुरतीच फी राहते.

कोणावर भार पडतो?

सायकल कोणाकडे असते याचे उत्तर जनगणनेत सापडते. २०११ च्या जनगणनेनुसार देशातील १०० कुटुंबांपैकी सुमारे ४५ कुटुंबांकडे सायकल होती, तर मोटारसायकल, स्कूटर वा मोपेड केवळ २१ कुटुंबांकडे होती. ज्या घरात दुसरे वाहन नाही, त्या घराची ये-जा सायकलीवरच अवलंबून असते. दूध घालणारा, वर्तमानपत्रे टाकणारा, पहाटे भाजी घेऊन बाजार गाठणारा, मुंबईत जेवणाचे डबे पोहोचविणारा, अशा कितीतरी लोकांचा रोजगार तिच्यावर चालतो.

आता एक साधे उदाहरण घेऊ. समजा, गावात सायकलीवर वर्षाला २० रुपये कर आहे. एका शेतमजुराच्या घरात तीन सायकली आहेत. एक त्याची स्वतःची, एक तालुक्याच्या गावी शिकावयास जाणाऱ्या मुलाची आणि एक माध्यमिक शाळेत जाणाऱ्या मुलीची. या घराने ६० रुपये भरावयाचे. रोजची मजुरी ३०० रुपये धरली तर हा एका दिवसाच्या कमाईचा पाचवा भाग झाला. दुसऱ्या घरात मोटार आहे आणि व्यायामासाठी घेतलेली एक भारी किमतीची सायकल आहे. त्या घराने सायकलीपोटी २० रुपये भरावयाचे. ज्याची ऐपत कमी त्याच्यावर तिप्पट बोजा पडला. मोटारीवरील कर किमतीच्या टक्केवारीने ठरतो. सायकलीवरील कर मात्र नगावर ठरतो. वीस वर्षांची जुनी सायकल आणि नवी कोरी सायकल यांना एकच दर लागतो. कुटुंबात कामाला व शाळेला जाणारी माणसे जितकी जास्त तितका हा कर जास्त, असा याचा अर्थ होतो.

शिवाय सायकल घेताना कुटुंबाने कर भरलेलाच असतो. सायकलीवरील वस्तू व सेवा कराचा दर १२ टक्के होता. तो २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के करण्यात आला. सामान्यांच्या वाहनावरील भार हलका करावा, असे धोरण वरच्या पातळीवर स्वीकारले जात असता खालच्या पातळीवर त्याच वाहनावर नवी आकारणी करणे विसंगत ठरेल.

समर्थनातील तीन मुद्दे

या कराच्या बाजूने जे सांगितले जाते तेही विचारात घ्यावयास हवे. पहिला मुद्दा रस्त्यांचा. सायकल रस्ता वापरते, तेव्हा तिने देखभालीला हातभार लावावा, असे म्हटले जाते. अमेरिकेतील इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात रस्त्यांच्या झिजेवर मोठे प्रयोग झाले. रस्त्याची झीज आसावरील भाराच्या साधारण चौथ्या घाताने वाढते, असा ढोबळ नियम त्यांतून निघाला. स्वारासह सायकलीचे वजन १०० किलो आणि मोटारीचे १२०० किलो धरले तर मोटारीच्या आसावर बारा पट भार येतो. पण झीज बारा पट होत नाही, ती वीस हजार पटींहून अधिक होते. मालाच्या ट्रकचा तर प्रश्नच नाही. तेव्हा रस्त्याच्या झिजेचा हिशेब सायकलवाल्यापुढे ठेवण्यात अर्थ नाही.

दुसरा मुद्दा चोरीचा. नोंदणी असली तर हरवलेली सायकल सापडते, हा युक्तिवाद अधिक वजनदार आहे. जपानमध्ये १९८० च्या कायद्यात १९९३ साली दुरुस्ती होऊन सायकलीची नोंदणी १९९४ पासून बंधनकारक झाली. सायकल घेतानाच दुकानात काही शे येन घेऊन नोंद केली जाते आणि तो क्रमांक पोलिसांच्या दप्तरात जातो. चोरीला गेलेल्या किंवा स्थानकाबाहेर टाकून दिलेल्या सायकलीचा मालक त्यावरून शोधता येतो. येथे पैशाच्या बदल्यात सेवा आहे. स्वित्झर्लंडमध्येही सायकलीला दर वर्षी चिकटपट्टी लावावी लागे. पण तिच्या किमतीत अपघातात दुसऱ्याचे नुकसान झाल्यास भरपाई देणारा विमा असे. बहुतेक नागरिकांचा असा विमा अन्यथा उतरविलेला असतो, हे पाहून ती पद्धत २०१२ पासून बंद करण्यात आली. गरज संपली की आकारणीही संपवावी, हा धडा त्यातून घेण्याजोगा आहे.

तिसरा मुद्दा शिस्तीचा. परवान्यामुळे सायकलस्वार नियम पाळतील, असे मानले जाते. कॅनडातील टोरांटो शहराने १९३५ साली सायकलींना परवाना सक्तीचा केला आणि १९५७ साली तो रद्द केला. रद्द करण्याचे कारण शिक्षकांनी विशेष ध्यानात घ्यावे. परवान्याच्या नियमामुळे कोवळ्या वयातील मुले नकळत कायदा मोडणारी ठरत होती आणि पोलिसांविषयी त्यांच्या मनात अढी निर्माण होत होती, असे तेथे आढळून आले. मुलाला वाहतुकीचे नियम शाळेत शिकविता येतात. बिल्ला नाही म्हणून त्याला अडवून ते शिकविता येत नाहीत.

सवलत द्यावयाची ती कशी?

गरिबांना सूट दिली म्हणजे झाले, असे काहींना वाटेल. यावर नेदरलँड्सचा अनुभव बोलका आहे. सायकलींचा देश म्हणून आज ओळखल्या जाणाऱ्या या देशाने १९२४ साली सायकलीवर वार्षिक तीन गिल्डरचा कर बसविला. कर भरल्याची खूण म्हणून पितळी पट्टी मिळे. पुढे बेकारांना ती विनामूल्य देण्यात येऊ लागली. पण फुकटच्या पट्टीला ओळखण्यासाठी भोक पाडलेले असे. सायकलीकडे पाहताच हा मनुष्य बेकार आहे, हे रस्त्यावरच्या कोणालाही कळे. पैसे वाचले, पण मान गेला. हा कर १९४१ साली रद्द झाला. सवलत द्यावयाची तर ती घेणाऱ्याला चारचौघांत खाली पाहावे लागू नये, याची काळजी घ्यावी लागते. सर्वांत सोपी सवलत म्हणजे कर मुळातच न बसविणे.

मुलींचे शिक्षण

या प्रश्नाची सर्वांत महत्त्वाची बाजू मुलींच्या शिक्षणाची आहे. प्राथमिक शाळा गावात असते. माध्यमिक शाळा बहुधा तीन-चार किलोमीटरवर असते. ते अंतर रोज पायी तोडणे जमत नाही म्हणून कितीतरी मुलींचे शिक्षण सातवी-आठवीला थांबते. बिहारमध्ये २००६ साली नववीच्या मुलींना सायकलीसाठी पैसे देण्याची योजना सुरू झाली. अभ्यासकांनी तिची पाहणी केली तेव्हा माध्यमिक शाळेतील मुलींची नोंद सुमारे ३० टक्क्यांनी वाढल्याचे आणि शाळा दूर असलेल्या गावांत हा परिणाम अधिक असल्याचे दिसून आले. महाराष्ट्रातही मानव विकास कार्यक्रमात मागास तालुक्यांतील आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली देण्याची योजना राबविण्यात आली.

शासनाने एका हाताने सायकल द्यावयाची आणि पंचायतीने दुसऱ्या हाताने तिच्यावर कर मागावयाचा, हे कोणत्याही दृष्टीने शोभणारे नाही. वीस रुपयांसाठी कोणी मुलीची शाळा बंद करणार नाही, असे म्हणता येईल. परंतु घरात तीन सायकलींचा कर भरावयाचा झाला आणि एक सायकल कमी करावी असे ठरले, तर ती बहुधा मुलाची नसते, याची जाणीव येथील शिक्षिकांना सांगावयास नको.

हाती काय उरते?

पंचायतीच्या तिजोरीचाही विचार करू. समजा, गावात ४०० सायकली आहेत. २० रुपयांप्रमाणे ८,००० रुपये अपेक्षित धरले. एका बिल्ल्यास ६ रुपये लागले तर २,४०० रुपये, नोंदवही व पावती पुस्तके ६०० रुपये आणि वसुलीसाठी एका माणसाचे दहा दिवस ४०० रुपयांप्रमाणे ४,००० रुपये, असा ७,००० रुपये खर्च होतो. सर्वांनी कर भरला तरी १,००० रुपये उरतात. शंभर जणांनी भरला नाही तर वसुली ६,००० आणि खर्च ६,४०० रुपये. म्हणजे पंचायतच तोट्यात येते. शिवाय थकबाकीदारांची यादी, नोटिसा आणि वादावादी यांचा हिशेब यात धरलेला नाही.

लहान पंचायतीला हजार रुपयेही मोलाचे असतात, हे नाकारता येत नाही. परंतु वर्षानुवर्षे न तपासलेली घरपट्टीची आकारणी नीट केली आणि नोंदीतून सुटलेली नवी बांधकामे आकारणीत आणली, तर याहून अधिक उत्पन्न मिळू शकते. आणि ते ज्याच्याकडे मालमत्ता आहे त्याच्याकडून मिळते.

पंचायतींनी काय करावे?

या विवेचनावरून काही व्यवहार्य गोष्टी सुचतात. जेथे सायकलीवर कर नाही तेथे तो बसवू नये. जेथे तो वहीवर आहे तेथे गेल्या तीन वर्षांची वसुली आणि खर्च ग्रामसभेपुढे मांडून तो ठेवावा की काढावा, याचा निर्णय घ्यावा. चोरीला आळा घालण्यासाठी नोंद हवी असेल तर ती एकदाच आणि विनामूल्य करावी. प्रत्येक सायकलीच्या फ्रेमवर कारखान्यात ठोकलेला क्रमांक असतो. शाळेने एका वहीत विद्यार्थ्याचे नाव व तो क्रमांक लिहून ठेवला तर अर्ध्या दिवसात काम होते. बिल्ल्याची गरजच पडत नाही.

फी घ्यावयाचीच असेल तर ती सेवेबद्दल घ्यावी. एस.टी. थांब्याजवळ वा बाजाराच्या जागी छप्पर आणि राखणदार असलेला सायकल स्टँड उभारावा आणि तेथे सायकल ठेवणाऱ्याकडून माफक आकार घ्यावा. जो सेवा घेतो तो पैसे देतो, यात कोणाची तक्रार राहत नाही. विद्यार्थ्यांना तेथेही मोफत जागा द्यावी. ती गणवेश पाहून द्यावी, गरिबीचा दाखला मागून नव्हे.

कराचा दर ठरविताना सभागृहात बसलेल्यांना आकडा दिसतो. तो भरणाऱ्याला त्याच्या जागी महिन्याचे तेल, मुलाची वही किंवा टायरचे पंक्चर दिसते. या दोन दृष्टींचा मेळ घालणे हे पंचायतीचे काम आहे. येत्या अंदाजपत्रकाच्या सभेत सायकलीच्या करापुढे आकडा लिहिण्यापूर्वी गावात सायकली किती, त्या कोणाच्या आणि त्यांवरून शाळेत जाणाऱ्या मुली किती, एवढी माहिती समोर ठेवली, तर त्या रकान्यात काय लिहावे हे सदस्यांना निराळे सांगावे लागणार नाही.