नव्या माणसाला पुराणकथा कशी सांगावी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी काही व्याख्याती नव्हे. सातवीपर्यंत शिकलेली, घरसंसार करणारी बाई. पण माझी एक चूक आपल्यापुढे कबूल करायची आहे, म्हणून उभी राहिले.

तीन वर्षांपूर्वी श्रावणात आमच्या घरी पांडवप्रताप लावला होता. माझी धाकटी जाऊ तेव्हा नुकतीच घरात आलेली. शहरात वाढलेली, माहेरी पोथीपुराणाची सवय नाही. तिने वाचन चालू असताना विचारले, "ताई, कर्ण कुंतीचाच मुलगा, मग तो कौरवांकडे कसा?" बायका हसल्या. मीही हसले. दुसऱ्या दिवसापासून ती समईत तेल घालायची आणि मुकाट्याने स्वयंपाकघरात निघून जायची.

रात्री मनाशी विचार केला, तर त्या प्रश्नाचे उत्तर मलाही धड सांगता येईना. इतकी वर्षे पोथी ऐकली, ती नुसती कानावरून गेली होती. मग मी तिची क्षमा मागितली आणि आम्ही दोघी मुळापासून शिकू लागलो. त्यातून चार गोष्टी कळल्या.

पहिली, डोळ्यांसमोरच्या स्थळापासून आरंभ करावा. आपल्या आष्टी तालुक्यात सावरगावजवळ मायंबा येथे मच्छिंद्रनाथांची समाधी आहे. जिल्ह्यात परळीचा वैजनाथ आहे. जिथे पाया पडतो, तिथली कथा नव्या माणसाला आधी सांगावी.

दुसरी, नात्यांचा कागद करावा. शंतनू, भीष्म, धृतराष्ट्र, पंडू, कुंती, गांधारी, द्रौपदी अशी दहा-बारा नावे एका कागदावर मांडली की महाभारताची भीती निम्मी जाते. बाकीची नावे कथेच्या ओघात येतात.

तिसरी, पुस्तकांचा क्रम धरावा. ज्यांना वाचण्याचा कंटाळा, त्यांनी गदिमांचे गीतरामायण ऐकावे. 1955 साली ते पुणे आकाशवाणीवर सुरू झाले. छप्पन्न गीतांत रामकथा ओळीने येते. नंतर श्रीधरस्वामी घ्यावेत. हरिविजय 1702 सालचा, अध्याय छत्तीस. पांडवप्रताप 1712 सालचा, अध्याय चौसष्ट. भाषा तीनशे वर्षांपूर्वीची, म्हणून रोज एकच अध्याय वाचावा आणि त्याचा अर्थ आपल्या बोलीत सांगावा. इरावतीबाई कर्व्यांचे 'युगान्त' (1967) फार मोलाचे, पण ते मागाहून. त्यात एकेका व्यक्तीची पारख केली आहे. मूळ कथाच ठाऊक नसेल तर ती पारख कळत नाही.

चौथी, "हे चुकीचे" असे झटकन म्हणू नये. लक्ष्मणरेषा आपण सर्वजणी सांगतो, पण वाल्मीकींच्या रामायणात ती नाही. शबरीने चाखून दिलेली बोरेही त्यात नाहीत. नंतरच्या कवींनी आणि लोकांनी कथा वाढवली. म्हणून कोणी निराळी कथा सांगितली तर "ही कुठे ऐकलीस?" असे कौतुकाने विचारावे.

माझी मंडळाला एक विनंती आहे. दर एकादशीला भजन झाल्यावर अर्धा तास कथेसाठी ठेवावा. नव्या सुना, मुले, बाहेरगावाहून आलेल्या शिक्षिका, ज्यांना यावेसे वाटेल त्यांनी यावे. प्रश्न कितीही साधा असो, हसायचे मात्र नाही.

आता जाऊबाईंच्या प्रश्नाचे उत्तर. कुंतीने लग्नाआधी झालेले ते मूल नदीत सोडले आणि सारथ्याच्या घरी ते वाढले. पुढे भर रंगमंडपात लोकांनी कर्णाला सूतपुत्र म्हणून हिणवले. त्याच वेळी दुर्योधनाने त्याला अंगदेशाचे राज्य देऊन जवळ केले. कर्ण ते जन्मभर विसरला नाही.

आपण कोणाला हसतो, तेव्हा हे ध्यानात असावे. यंदाच्या श्रावणात आमच्या घरी पोथीचा अर्थ धाकटी जाऊच सांगणार आहे. आपण सर्वजणींनी ऐकायला यावे, एवढे सांगून माझे दोन शब्द पुरे करते.